लॉगबुकातली वीस इंजेक्शनं

गेल्या आठवड्यात आमच्या बॅचच्या ग्रुपवर एक फॉर्म आला. कुणी एक मुलगी एम.एस्सी. करतेय आणि तिच्या अभ्यासाचा विषय आहे, नर्सिंगच्या विद्यार्थिनी ऑनलाइन शिक्षणाबद्दल किती समाधानी होत्या. प्रश्नाखाली पाच गोल: अत्यंत समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, अत्यंत असमाधानी. एकावर बोट ठेवायचं की झालं!

झालं कसलं! संध्याकाळपर्यंत एकीनंही फॉर्म भरला नाही, पण ग्रुपवर मेसेजचा ढीग पडला. "ए, ती रेल्वेलाइनवाली गोष्ट आठवते का?" "शबाना, उशीचं सांग की!" असे किस्से कुणी ठरवून जमवत नाही. वॉर्डातल्या ड्रॉवरमध्ये औषधाच्या बाटल्यांची झाकणं साचतात ना, तसे ते साचतात. एक दिवस ड्रॉवर उघडायला जावं तर तो अडकतो, तेव्हा कळतं किती झालेत ते.

मी रेणुका. देवणीजवळच्या एका खेड्यातली, शिकले नांदेडला आणि आता लातूरच्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. आमचं जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, पहिलं वर्ष सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तेवढ्यात लॉकडाउन लागलं. होस्टेल रिकामं झालं. माझ्या खोलीतली शबाना उदगीरला गेली, सुनीता किनवटच्या पुढं जंगलातल्या तिच्या गावी. आम्हाला शिकवणाऱ्या शिंदे मॅडम नांदेडातच, दोन खोल्यांच्या घरात, मोबाईल डब्याला टेकवून बसलेल्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी मूळची घाबरट. गॅस बंद केला का, हे तीनदा बघणारी. त्या दीड वर्षात मला एकच भीती होती. माणसाला एकदाही सुई न टोचता मी नर्स होणार, आणि ज्या दिवशी टोचायची वेळ येईल त्या दिवशी माझ्या हातून कुणाचं तरी वाईट होणार. तेव्हा पुढचं सगळं तुम्ही खुशाल हसत वाचा, पण ते घडत होतं तेव्हा मी हसत नव्हते.

०००

सुनीताच्या गावात रेंज नव्हती. गावाबाहेर रेल्वेलाइनपासून थोडं अलीकडं मोहाचं एक झाड होतं. त्याच्या बुंध्याला पाठ लावून बसलं की मोबाईलला दोन कांड्या यायच्या. पाठ सुटली की सुनीता गायब! पाठ टेकली की परत हजर. "मॅडम, आवाज येतोय का?" हे तिचं वाक्य आम्ही त्या वर्षी स्वतःच्या आईच्या हाकेपेक्षा जास्त वेळा ऐकलं.

एकदा तोंडी परीक्षा चालू होती. मॅडमनी विचारलं, "सुनीता, तुझ्यासमोर एक माणूस अचानक कोसळला. काय करशील? सांगू नको, करून दाखव."

सुनीतानं तिची कॉलेजची सॅक गवतावर आडवी टाकली. हाच तो कोसळलेला माणूस. तिनं सॅकचे खांदे हलवले. "काका, ओ काका, ऐकू येतंय का?" सॅक काही बोलली नाही. पुस्तकात पुढची पायरी असते, मदतीसाठी मोठ्यानं हाक मारणे. आमच्यापैकी कुणीही ती हळू आवाजात, लाजत मारली असती. सुनीता जंगलातली पोरगी. तिनं छातीत हवा भरली आणि अशी आरोळी ठोकली, "धावा हो! कुणी हाय का? माणूस पडलाय!"

आम्ही सगळ्यांनी आपापल्या कानांवरचे हेडफोन काढले.

परत लावले तेव्हा स्क्रीनवर सुनीताच्या मागं एक माणूस धावत येताना दिसत होता. हातात लाल झेंडी! त्याच्या मागं आणखी एक, खांद्यावर पहार घेतलेला. रेल्वेचे गँगमन. धापा टाकत पहिला म्हणाला, "कुठं पडला? रुळावर हाय का? गाडीची येळ झालीय!"

सुनीतानं मान खाली घातली आणि सॅककडं बोट केलं. "ह्यो."

दोन्ही गँगमन सॅककडं बघत राहिले. आमच्यातल्या एकीलाही हसायची हिंमत झाली नाही. मग मॅडमचा आवाज आला. "सुनीता, पूर्ण मार्क. इतक्या लवकर मदत मला आमच्या वॉर्डात सुद्धा कधी मिळाली नाही."

पुढची गंमत म्हणजे त्यातला झेंडीवाला गँगमन दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत लेक्चरला येऊन बसायला लागला. त्याचे डाउट सुनीतापेक्षा जास्त असायचे.

०००

इंजेक्शनचा धडा सुरू झाला तेव्हा कॉलेजनं प्रत्येकीला पोस्टानं एक किट पाठवलं. दोन सिरिंज, सुया, कापूस, हातमोजे. मॅडम म्हणाल्या, "घरातल्या उशीवर प्रॅक्टिस करा. सिरिंजमध्ये साधं पाणी भरा."

शबानाला उशांची काय कमी! उदगीरला तिच्या आब्बांचं गाद्या-उशांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. आब्बा सकाळी कापूस पिंजायला बसले की शबाना मागून एक उशी उचलायची, पाच-सहा इंजेक्शनं द्यायची आणि गुपचूप परत थप्पीवर ठेवायची. तिला वाटायचं, पाणी काय, वाळून जातंय.

एक दिवस एक गिऱ्हाईक आदल्या दिवशी नेलेली उशी बगलेत मारून परत आलं. "चाचा, उशीतून पाणी येऊन राहिलंय! डोकं ओलं झालं माझं."

आब्बांनी उशी दाबली, वास घेतला, उजेडात धरली. अभ्र्यावर बारीक भोकं, एका ओळीत. त्यांनी वळून मागं बघितलं. दारात शबाना, तोंडावर ओढणी धरून. आब्बांना सगळं कळलं. पण पोरीची इज्जत गिऱ्हाइकासमोर कशी घालवायची? ते शांतपणे म्हणाले, "काही काळजी करू नका. ही लस टोचलेली उशी हाय. चुकून तुमच्याकडं आली. थांबा, दुसरी देतो."

गिऱ्हाइकानं उशी परत बगलेत मारली. "मग हीच राहू द्या की!"

तेव्हा लसीसाठी गावोगाव रांगा लागत होत्या, हे लक्षात घ्या.

शबाना रडवेली होऊन बसली होती. तिला वाटलं, आता आब्बा किट उचलून माळ्यावर टाकतील. आब्बांनी दुपारी एक हातभर लांबीची बारीक उशी शिवली, तिच्यात कापूस ठासून भरला, एका हातानं ती दाबली आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा दंड दाबून बघितला. मग थोडा कापूस अजून भरला. परत दंड दाबला. "हे घे. माणसाच्या दंडाएवढी झाली बघ. आता दुकानातल्या उश्या सोड बाई."

शबानाकडं ती उशी अजून आहे. इतकी भोकं पडलीत की आता ती चाळणी म्हणून चालेल.

०००

आता माझी कथा. हिच्यावर आजही मला हसू येत नाही, बाकीच्या हसतात.

मॅडमनी हृदयाचे ठोके कुठं ऐकायचे, त्याचा व्हिडिओ पाठवला. पेशंट म्हणून त्यांचे मिस्टर. हे मिस्टर आम्हाला फार जवळचे वाटायचे, कारण कधी डोक्याला बँडेज, कधी हाताला फळकूट, कधी तोंडात थर्मामीटर, अशाच अवस्थेत ते आम्हाला दिसायचे आणि कधीच काही बोलायचे नाहीत. तर मॅडमनी मिस्टरांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि सांगितलं, "बरोबर इथं. एक मिनिट मोजा आणि मला रिपोर्ट करा."

मी कॉलेज सुरू होताना घेतलेला स्टेथोस्कोप काढला आणि आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ओट्यावर बसवलं. व्हिडिओत दिसली तीच जागा धरली. ठोके लागेनात! लागले ते फार लांबून, शेजारच्या घरात कुणी खलबत्ता कुटतंय असे. एका मिनिटात मला मोजता आले ते चाळीस.

चाळीस!

आण्णांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि मोबाईल घेऊन परसात गेले. ग्रुप उघडला तर तिथं आकांत. "मॅडम, पप्पांचं हार्ट लागंना." "मॅडम, माझ्या मम्मीचे तीस." "मॅडम, आजोबांचं काहीच ऐकू येत नाही, पण ते चहा पिऊन राहिलेत." मॅडम ऑफलाइन.

हृदय डावीकडं असतं हे शाळेत शिकले नव्हते असं नाही. पण मॅडम चुकतील असं कसं म्हणायचं? त्या दिवसांत रोज कुणाची ना कुणाची वाईट बातमी यायची. मी दिवसभर आण्णांच्या मागंमागं फिरले. त्यांनी किती भाकरी खाल्ल्या ते मोजलं. ते शेतात गेले तर पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर जाऊन बसले. ते वाकले की माझा जीव वर, ते उठले की खाली.

शेवटी ते औत थांबवून म्हणाले, "सकाळधरनं मागं का फिरून राहिलीस?"

मला रडूच फुटलं. "आण्णा, तुमचे ठोके लागत न्हाईत."

आण्णांनी थोडा विचार केला. "मग मी सकाळधरनं कुणाच्या जोरावर औत हाकून राहिलो?"

दिवस मावळायच्या आत मॅडमचा व्हॉइस मेसेज आला. "मुलींनो, घाबरू नका. सगळ्यांचे वडील व्यवस्थित आहेत. माझा मोबाईल पुढच्या कॅमेऱ्यानं आरशासारखं उलटं शूट करतो, हे मला आत्ता कळलं. दुसऱ्या बाजूला ऐका." मग मी व्हिडिओ परत बघितला. मिस्टरांच्या मागं भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावरचे सगळे आकडे उलटे होते. तीस मुलींपैकी एकीलाही ते दिसले नव्हते.

मी आण्णांच्या दुसऱ्या बाजूला स्टेथोस्कोप लावला. बहात्तर! मी तो तिथून बराच वेळ काढला नाही.

०००

नर्सिंगच्या मुलीकडं एक लॉगबुक असतं. कोणतं काम नुसतं पाहिलं, कोणत्या कामात मदत केली आणि कोणतं स्वतः केलं, असे तीन रकाने. "स्वतः केलं" या रकान्यात वीस इंजेक्शनं भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. एरवी ती वॉर्डात भरायची. त्या वर्षापुरतं ठरलं की व्हिडिओ पाठवायचे, मॅडम बघून सही करतील.

आमच्या घरात उशा होत्या त्या सगळ्या गोधडीच्या, सुईच वाकायची. म्हणून मी वांगी घेतली. शेतातली हिरवी, भरदार. मॅडमचा नियम असा की इंजेक्शन देताना पेशंटशी बोललं पाहिजे, ते व्हिडिओत ऐकू आलं पाहिजे, नाहीतर सही नाही. म्हणून मी दार लावून, वांगं पाटावर ठेवून, अगदी मायेनं म्हणायची, "मोकळा श्वास घ्या. घाबरू नका. थोडंसं टोचेल."

अकरावं की बारावं वांगं असेल. सुई वांग्याच्या बाजूनं निघून पाटाला लागली. मी परत सुरुवात केली. "मोकळा श्वास घ्या. घाबरू नका..."

दाराबाहेरून मायचा आवाज आला. "वांगं न्हाई घाबरलं, बाई. तूच घाबरून राहिलीस."

तो व्हिडिओ मी तसाच पाठवला. मॅडमनी सही केली. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ती सही बघून बरं वाटण्याऐवजी धस्स झालं. वीस सह्या झाल्या, रकाना भरला. एकही माणूस नाही!

०००

त्याच महिन्यात गावात जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस द्यायला डॉक्टर आले. सगळी जनावरं मारुतीच्या पारापाशी बांधलेली. आमची बैलजोडी देवणी जातीचीच, त्यातला हौशा पांढराशुभ्र आणि तोंडाला काळा. गावात त्याच्याइतकं शांत कुणी नाही, माणसंसुद्धा.

आण्णांना मधेच हुक्की आली. "डॉक्टरसाहेब, आमची पोरगी नर्सिंगला हाय. सुई देती ती."

मी म्हटलं, "आण्णा!"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "किती दिलीत?"

"वीस," मी म्हटलं. लॉगबुकात तेवढीच होती.

"मग या की. मी शेजारी उभा आहे."

त्यांनी सिरिंज भरून दिली, हौशाच्या मानेवर बोटानं जागा दाखवली. आख्खं गाव बघत होतं. माझ्या कपाळावरून घाम निघून मास्कमध्ये चालला होता. हौशानं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे एवढे मोठे आणि विश्वासाचे की मला पळून जावंसं वाटलं. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "मोकळा श्वास घ्या. घाबरू नका. थोडंसं टोचेल."

पारावरची सगळी माणसं हसली. डॉक्टर हसले. मी तेवढ्यात सुई दिली, दट्ट्या दाबला, सुई काढली.

हौशानं एकदा शेपूट हलवली. बस्स, तेवढंच!

मी डॉक्टरांना विचारलं, "शेपूट का हलवली? दुखलं का?"

"माशी बसल्यावर हलवतो ना, तेवढंच वाटलं त्याला. चुकलं असतं तर आत्ता तुम्ही पाराच्या पलीकडं असता."

त्या दिवशी घरी येऊन मी लॉगबुक उघडलं, पण त्यात हौशाला लिहायला रकाना नव्हता.

०००

दीड वर्षानं कॉलेज उघडलं. पहिल्याच आठवड्यात नोटीस लागली, सोमवारपासून वॉर्ड. आम्ही लॅबमध्ये धावलो, डमीवर तरी हात साफ करावा म्हणून. दीड वर्ष बंद खोलीत राहून डमीच्या दंडाचं रबर दगडासारखं झालं होतं. सुई आत जाईना.

शिंदे मॅडम लॉगबुकांचा गठ्ठा घेऊन आल्या. त्यांनी वाटायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. आम्ही त्यांना दीड वर्षानं समोर बघत होतो. मोबाईलमध्ये दिसायच्या त्यापेक्षा त्या बऱ्याच बुटक्या आणि दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "या सह्या माझ्या आहेत आणि हात तुमचे आहेत. दोघांची अजून ओळख झालेली नाही. वॉर्डात सिस्टरनी विचारलं तर खरं सांगायचं. माझ्या सहीसाठी कुणी खोटं बोलायचं नाही." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला.

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघी होस्टेलच्या खोलीत बसलो. शबाना म्हणाली, "अगं, एकमेकींनाच देऊ की. सलाइनचं. उद्या वॉर्डात तोंडघशी पडण्यापेक्षा बरं." कॉलेजात याची परवानगी नव्हती, पण आम्ही ठरवलं. सिरिंज मधे टेबलावर ठेवली.

सुनीतानं बाही वर केली. "मला दे."

शबानानं बाही वर केली. "न्हाई, मला दे. मी उदगीरची, मला काही होत न्हाई."

मी पण बाही वर केली. "मला द्या, माझा दंड जाड आहे."

तीन दंड पुढं आणि सिरिंजला हात लावायला कुणी तयार नाही! जेवणाची घंटा होईपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. मग तिघींनी बाह्या खाली केल्या आणि गपचूप जेवायला गेलो. सुनीता म्हणाली, "रेणुका, तुला तरी बैलाचा अनुभव हाय." ती चेष्टा नव्हती. ती खरंच हेवा करत होती.

०००

तर हा फॉर्म. मी आत्ता तो मोबाईलवर उघडून बसलेय. पाच गोलांतला एकही मी भरलेला नाही. पण सगळ्यात शेवटी एक चौकोन आहे, "ऑनलाइन शिक्षणाबाबत आपला एखादा अनुभव थोडक्यात लिहा." त्यात मी त्या सोमवारचं लिहून पाठवतेय. थोडक्यात जमेल असं वाटत नाही.

सोमवारी माझी ड्यूटी इंजेक्शन रूमला लागली. इनचार्ज वाघमारे सिस्टर. उंच, कमी बोलणाऱ्या, बांगड्यांचा आवाजसुद्धा न होऊ देणाऱ्या. त्यांनी माझं लॉगबुक उघडलं, वीस सह्यांवरून बोट फिरवलं आणि मिटलं.

स्टुलावर एक आजोबा बसले होते. देगलूरकडचे. डोक्याला पटका, डाव्या तळहाताला नवंकोरं बँडेज. कडबा तोडताना विळा लागला होता. त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं होतं.

सिस्टर म्हणाल्या, "वीस झालीत ना? द्या मग."

मी हात धुतले. सिरिंज भरली, हवा काढली. सगळं पाठ होतं. आजोबांजवळ गेले, उजव्या दंडावर कापूस फिरवला आणि माझा हात तिथंच थांबला. कातडी गरम होती. वांगं गरम नसतं! सुरकुतलेल्या कातडीखाली काहीतरी जिवंत हलत होतं आणि मला दुसरं काहीच दिसेना. सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली.

"सिस्टर," मी म्हटलं. "मी खोटं बोलणार नाही. ही वीस इंजेक्शनं मी वांग्यांना दिलीत. मोबाईलसमोर. माणसाला एकही नाही."

सिस्टरनी लॉगबुक परत हातात घेतलं. मला वाटलं, संपलं. लॉगबुक परत, नाव परत, मी परत देवणीला.

"आणि जिवंत कुणालाच नाही?" त्यांनी विचारलं.

"एकाला दिलंय."

"कुणाला?"

"बैलाला."

सिस्टरच्या तोंडावरची एकही रेघ हलली नाही. पण आजोबांनी मान वर केली. आत्तापर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. आता ते पूर्ण माझ्याकडं वळले.

"बैल कोणता, अम्मा?" देगलूरकडची जुनी माणसं पोरीबाळींना अम्मा म्हणतात.

"देवणी."

"आरं वा. कोणतं इंजेक्शन?"

"लाळ्या-खुरकुताची लस."

"कुठं दिलतंस?"

"मानेत."

"मला बी मानेतच देतीस का?"

"नाही आजोबा. तुम्हाला दंडात."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "मग त्यानं काय केलं? लाथ मारली?"

"नाही. एकदा शेपूट हलवली, बस."

आजोबा थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. जनावराच्या बाजारात माणूस दुसऱ्याच्या बोलण्यात किती पाणी आहे ते बघतो, तसे. मग त्यांनीच बाही आणखी वर सरकवली.

वाघमारे सिस्टर माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. "काका, मुलगी नवी आहे. मी शेजारी आहे. चालेल ना? नको असेल तर मी देते."

"तिलाच द्यू द्या."

सिस्टरनी माझ्या कोपराखाली दोन बोटं ठेवली. दाब नाही, नुसता आधार. मी नवी सुई लावली, कापूस परत फिरवला, स्पिरिट वाळू दिलं. तोंडातून आपोआप निघालं, "मोकळा श्वास घ्या. घाबरू नका. थोडंसं टोचेल."

"मी न्हाई घाबरलो, अम्मा," आजोबा म्हणाले.

मी सुई दिली. सरळ आत गेली. दट्ट्या दाबला, एक, दोन, तीन. सुई काढली, कापूस धरला. सिस्टरची बोटं माझ्या कोपराखालून कधी निघून गेली होती, मला कळलंही नव्हतं. मी विचारलं, "आजोबा, दुखलं का?"

आजोबा सावकाश वळले, स्टुलाच्या मागं, धोतराच्या सोग्याकडं नीट बघितलं आणि परत माझ्याकडं तोंड केलं.

"शेपूट असती तर हलवली असती!"